तापलेली धाव आणि तडकलेली काच

कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या स्मरणात बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडे, चढवण्याचा दिवस एखाद्या लहानशा सणासारखा घर करून राहिलेला असतो. सुताराने मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरच्या घेराचे पुठ्ठे जुळवून चाक पुरे केले, की ते लोहाराच्या स्वाधीन होई. आणि लोहार ते ओढ्याकाठी किंवा विहिरीच्या थारोळ्याजवळ, म्हणजे जेथे पाण्याची उणीव पडणार नाही अशा जागी नेऊन, सपाट जमिनीवर आडवे मांडी. शेजारीच लोखंडी धाव दगडांवर टेकवून तिच्याभोवती शेणी रचल्या जात, त्यांना विस्तव दिला जाई, आणि आम्ही मुले धुराने झोंबणारे डोळे चोळीत, शाळेची घंटा झाली तरी जागचे हलत नसू. काळी धाव हळूहळू अंधुक लाल दिसू लागली, म्हणजे चौघे गडी लांब सांडशांनी तिला उचलीत आणि एका दमात चाकावर आणून बसवीत. सकाळी थंड असताना जी धाव चाकावर चढायला काही केल्या तयार नव्हती, तीच आता अलगद बसे. तिच्या स्पर्शाने पुठ्ठ्यांचे लाकूड पेट घेई, लोहार घणाचे चार ठोके घालून ती सारखी करी, आणि तेवढ्यात भरून ठेवलेल्या घागरी एकामागून एक तिच्यावर रित्या होत. वाफेचा लोट उठे, आणि त्या लोटाआडून चाकाचा कडकड असा आवाज ऐकू येई. प्रथम ऐकणाऱ्याला वाटावे, की चाक मोडले; पण मोठी माणसे समाधानाने माना डोलावीत, कारण आकसणारी धाव पुठ्ठ्यांना आत रेटते आहे, पुठ्ठे आऱ्यांना रेटीत आहेत, आरे तुंब्यात घट्ट रुतत आहेत आणि सांधे बसत आहेत, हे त्यांना त्या आवाजावरून कळत असे.

या सर्व प्रकारात एकही खिळा नाही, सरस नाही, की बोल्ट नाही. चाकाला आवळून धरणारी शक्ती केवळ लोखंडाच्या थंड होण्यातून निर्माण झालेली आहे. तिचा हिशेब करून पाहणे मुळीच अवघड नाही. चाकाचा व्यास साडेचार फूट धरला तर त्याचा घेर सुमारे १४ फूट, म्हणजे १६८ इंच भरतो. लोखंडाचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की त्याची लांबी दर दहा लाख भागांमागे सुमारे १२ भागांनी वाढते. ही वाढ इतकी क्षुल्लक आहे, की ती कोणाच्या लक्षातही येऊ नये. परंतु धाव ५०० अंशांनी तापवली म्हणजे १६८ इंचांच्या घेरात जवळजवळ नेमकी १ इंचाची भर पडते. लोहाराला गुणांक ठाऊक नसे, पण धाव चाकाच्या घेरापेक्षा किती तोकडी ठेवायची आणि ती कोणत्या रंगावर उचलायची, हे त्याच्या हाताला आणि डोळ्याला नेमके ठाऊक असे. अंदाज चुकून धाव अधिक तोकडी झाली तर ती आकसताना चाकच वाकडे करी, आणि ढिली राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्यावर निसटे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो पदवीधरांतही आढळतो. पुष्कळांना असे वाटते, की कडे तापले म्हणजे लोखंड सर्व बाजूंनी फुगेल आणि त्यामुळे आतले भोक लहान होईल. वस्तुतः घडते ते उलट. कड्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणापासून थोडा दूर सरकतो, त्यामुळे बाहेरचा घेर वाढतो तसाच आतलाही वाढतो, जणू काही एखादे चित्र सर्व बाजूंनी सारखे मोठे करून काढले असावे. लोणच्याच्या बरणीचे घट्ट बसलेले धातूचे झाकण गरम पाण्यात धरल्यावर सुटते, ते याच कारणामुळे.

पण उष्णतेने पदार्थ वाढतोच का? घन पदार्थातील अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात आणि तापमान वाढले की ही थरथर वाढते, एवढे सांगून बहुतेक पुस्तके थांबतात. परंतु नुसत्या थरथरीने वाढ होण्याचे कारण नाही. झोका जितका पुढे जातो तितकाच मागे येतो, आणि त्याची सरासरी जागा बदलत नाही. मर्म असे आहे, की शेजारच्या दोन अणूंना परस्परांच्या जवळ रेटणे जितके कठीण असते, तितके त्यांना दूर ताणणे कठीण नसते. त्यामुळे थरथरणारा अणू आत कमी जातो आणि बाहेर अधिक जातो, थरथर वाढेल तसतसा हा पक्षपातही वाढत जातो, आणि अणूंमधील सरासरी अंतर किंचित मोठे होते. ज्या पदार्थातील बंध बळकट, तो कमी वाढतो. ज्यातील बंध शिथिल, तो अधिक वाढतो. म्हणूनच १ अंशामागे दहा लाख भागांत ॲल्युमिनिअम सुमारे २३ भाग, पितळ १९, तांबे १७, लोखंड १२ आणि खिडकीची साधी काच ९ भाग वाढते. काँक्रीटचा आकडा लोखंडाच्या अगदी निकट पडतो, हा तर स्थापत्यशास्त्रावर निसर्गाने केलेला उपकारच म्हटला पाहिजे. तसे नसते तर सळई घातलेला एकही स्लॅब उन्हाळा-हिवाळ्याच्या फेऱ्यांत धड राहिला नसता.

लोहार ज्या आकसण्याचा उपयोग करून घेतो, त्याच आकसण्याचा बंदोबस्त ओतकाम करणाऱ्याला करावा लागतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आपला कारखाना उभारला, आणि पुढे किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या त्या वसाहतीतून लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतांत जाऊ लागले. अशा कारखान्याच्या ओतशाळेत बिडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात. परंतु साचा ज्या लाकडी नमुन्यावरून घ्यायचा, तो नमुना हव्या असलेल्या वस्तूइतकाच करून चालत नाही. गोठून थंड होईपर्यंत बीड दर फुटाला सुमारे एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, आकसते. म्हणून नमुने करणाऱ्या सुतारापाशी एक खास फूटपट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा सुताभराने लांब आखलेला असतो. त्या पट्टीने मोजून त्याने निमूटपणे नमुना करावा, म्हणजे हिशेब आपोआप जमतो. सुताराच्या पेटीतील ही जाणूनबुजून खोटी केलेली पट्टी मला मानवी बुद्धीच्या फार सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते.

तरी एवढ्याने ओतकाम निर्दोष उतरतेच असे नाही. वस्तूचा एक भाग जाड आणि लगतचा भाग पातळ असेल, तर पातळ भाग आधी थंड होऊन आकसतो व ताठ होतो; जाड भाग मागाहून आकसू लागतो, तेव्हा त्याची वाट अडलेली असते, आणि दोहोंच्या सांध्यावर तडा जातो. बिडाची उष्णता गेली हे तड्याचे कारण नाही. ती एका जागेतून लवकर आणि दुसऱ्या जागेतून उशिरा गेली, हे कारण आहे. शाळेच्या पुस्तकात प्रसरण हा एक धडा असतो आणि उष्णतेचे संक्रमण हा दुसरा, आणि विद्यार्थी त्या दोहोंना शेजारी राहूनही एकमेकांशी न बोलणाऱ्या बिऱ्हाडांसारखे समजतो. माझे म्हणणे असे आहे, की हे दोन धडे वेगळे करता येत नाहीत. उष्णता सर्व अंगांत सारखी पोचली, आणि वाढायला जागा मिळाली, तर पदार्थ मुकाट्याने वाढतो आणि मुकाट्याने आकसतो. ती कमी-अधिक पोचली, किंवा वाढीची वाट अडवली गेली, की तेथे अशी शक्ती जागी होते, जी लोखंडालाही आवरत नाही.

वाट अडवल्याचे उदाहरण मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रुळांत पाहावे. १३ मीटर लांबीचा रूळ हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांमधील ४० अंशांच्या फरकाने ६ मिलिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. तेवढी फट दोन रुळांमध्ये सोडण्याचा जुना शिरस्ता होता, आणि ज्या खडखडाटाच्या तालावर आमच्या पिढीने गाडीत झोपा काढल्या, तो ताल या फटींचाच होता. आता रूळ वितळजोडाने अखंड केलेले असतात. मग ती वाढ जाते कोठे? ती कोठेच जात नाही; स्लीपर आणि खडी मिळून रुळाला घट्ट धरून ठेवतात आणि वाढू पाहणारा रूळ आतल्या आत दाबला जातो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात प्रत्येक अंशामागे जवळजवळ दोन टनांचा दाब साठतो. म्हणून रूळ जखडताना त्याचे तापमान पाहून जखडावा लागतो, आणि वैशाखात खडी सैल झाली तर तो बाजूला वाकतो. पाटण तालुक्यातील कोयनेच्या धरणातही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला. १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०० मीटर लांब असे ते धरण एकसंध ठोकळा म्हणून न बांधता शेजारी शेजारी उभ्या केलेल्या स्वतंत्र खंडांनी बांधलेले आहे. सिमेंट घट्ट होताना स्वतःच उष्णता निर्माण करते, ती भिंतीच्या पोटातून बाहेर पडण्यास फार दीर्घ काळ लागतो, आणि दर्शनी भाग आधी निवतो. अशा भिंतीला सांधे आपण ठेवले नाहीत, तर ती आपल्या सोयीने तडे पाडून घेते. कोयनेत मोठाले दगड घालून केलेले काँक्रीट वापरल्यामुळे सिमेंट कमी लागले, आणि अर्थातच त्याची उष्णताही कमी निघाली.

आता काचेकडे वळतो, कारण या विषयाचे खरे सौंदर्य तेथे आहे, आणि काचेचे महाराष्ट्रातील पीठही याच मुलखात होते. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, तेथे ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि पुढे आपल्या वडिलांच्या नावाने ‘प्रभाकर’ कंदील बाजारात आणला. प्रभाकर म्हणजे सूर्य, हा योगायोग किती समर्पक! वीज येण्यापूर्वी, आणि वीज आल्यावरही ती जात असे तोवर, लक्षावधी मराठी घरांत, गोठ्यांत, स्टेशनांवर आणि रात्रीच्या पाण्याच्या पाळीवर त्या कंदिलाने उजेड दिला. परदेशी मालाच्या तोडीस तोड वस्तू खेड्यातल्या माळावर होऊ शकते, याचा तो दाखला होता. परंतु मला त्याचे कौतुक आणखी एका कारणासाठी वाटते. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी ज्या तीन मार्गांनी जाते, ते तिन्ही मार्ग त्या हातभर उंचीच्या वस्तूत एकाच वेळी चालू असतात.

कंदील पेटवा आणि क्षणभर त्याच्यासमोर बसा. ज्योतीभोवतालची हवा तापून विरळ होते आणि काचेतून वर चढते. तिच्या जागी दोन्ही अंगांच्या नळ्यांतून दुसरी हवा खाली बर्नरकडे ओढली जाते. वारा सुटलेला असताना ज्योत विझत नाही, ती या बंदिस्त प्रवाहामुळे. हे अभिसरण: येथे तापलेला पदार्थ स्वतःच उष्णता घेऊन चालू लागतो. वरच्या टोपणाला हात लावाल तर पोळाल. तेथून ती उष्णता पत्र्याच्या अंगाने कणाकणाने पुढे सरकते, पण बारीक तारेच्या कडीपर्यंत पोचेतो तिचा बराचसा भाग हवेत गेलेला असतो, म्हणून कंदील हातात धरता येतो. हे वहन: येथे कण जागचे हलत नाहीत, ते आपली थरथर शेजाऱ्याच्या स्वाधीन करतात. आणि काचेपासून वीतभर अंतरावर, जेथे वर जाणारी हवा येत नाही आणि धातूही नाही, तेथे गालाला जी ऊब लागते, ते प्रारण. त्याला मध्यस्थ लागत नाही, आणि सूर्याची ऊब रिकाम्या अवकाशातून साताऱ्याच्या माळावर पोचते ती याच मार्गाने.

या तिन्हींच्या माऱ्यात कंदिलाची काच सापडलेली असते. माझ्या हातून लहानपणी एक काच गेली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. पावसाळ्याची रात्र होती, जळत्या कंदिलावर काजळी धरली म्हणून मी ओला फडका घेऊन ती बाहेरून पुसायला गेलो, आणि फडका टेकतो न टेकतो तोच टचकन आवाज होऊन काचेवर वरपासून खालपर्यंत एक केसासारखी रेघ उमटली. आजीने मला रागे भरले नाही. “तापल्या काचेला पाणी सोसत नाही, बाळ,” एवढेच ती म्हणाली. त्या वाक्यातील भौतिकशास्त्र पुढे पुष्कळ वर्षांनी मला उमजले. काच उष्णतेची मंद वाहक आहे. लोखंडातून उष्णता तिच्यापेक्षा सुमारे ८० पट, आणि तांब्यातून सुमारे ४०० पट सहज वाहते. ओल्या फडक्याने काचेचा बाहेरचा थर क्षणात निवला आणि आकसू लागला, पण आतल्या थराला त्याची वार्ता पोचलीच नाही, तो तापलेला आणि वाढलेलाच राहिला. बाहेरचा थर ताणला गेला. लोखंड असते तर ते किंचित लवले असते. काचेला लवणे ठाऊक नाही, आणि दाब कितीही सोसला तरी ताण सोसण्याची तिची शक्ती अल्प असते. तांब्याच्या बंबावर आपण खुशाल गार पाणी ओततो आणि काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतताना कचरतो, याचे कारण हेच.

म्हणून काचेच्या कारखान्यात फुंकून आकार देण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व निववण्याला असते. साध्या काचेची वस्तू सुमारे ५५० अंशांवर काही काळ ठेवून मग हळूहळू थंड होऊ देतात, म्हणजे तिच्या आतील आणि बाहेरील थरांत ताण शिल्लक राहत नाही. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. ती घाईने उरकली तर काच बाजारात जाईपर्यंत चांगली दिसते आणि एखाद्या दिवशी मांडणीवर ठेवल्या ठिकाणी आपोआप तडकते, आणि घरातील मंडळी त्याचे खापर मांजरावर फोडतात.

दुसरा उपाय काचेचा स्वभावच बदलण्याचा. जर्मनीत येना येथे ऑटो शॉट यांनी काचेत बोरॉनचे संयुग मिसळून अशी काच सिद्ध केली, की तिचे प्रसरण साध्या काचेच्या सुमारे तृतीयांश उरले. अमेरिकेत या प्रश्नाला वाचा फोडली ती रेल्वेच्या कंदिलांनी. तापलेल्या कंदिलावर पाऊस किंवा हिम पडून काच फुटे, आणि विझलेला इशारा म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून कॉर्निंगच्या कारखान्याने कमी वाढणारी काच तयार केली. ती न फुटल्यामुळे तिचा खप घटू लागला, असे सांगतात. पुढे १९१३ साली तेथील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नीने अशा काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजला, तो उत्तम उतरला, आणि १९१५ साली पायरेक्सची भांडी विक्रीस आली. एका गृहिणीने केलेल्या त्या प्रयोगाचे ऋण आज प्रत्येक प्रयोगशाळेतील चंचुपात्रावर आहे.

कंदिलात जे हातभर उंचीत दिसते, तेच गुऱ्हाळात मोठ्या विस्ताराने दिसते. सांगली-कऱ्हाडकडील गुऱ्हाळावर ज्याने माघाची एक रात्र काढली असेल, त्याला चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडे सारणाऱ्या जळव्याचा लालबुंद चेहरा आठवत असेल. त्या चेहऱ्यावर पडते ते निव्वळ प्रारण, आणि ते तापमानाबरोबर इतक्या झपाट्याने वाढते, की निरपेक्ष तापमान दुप्पट झाले तर प्रारण सोळापट होते. वरच्या काईलीचा तळ ती उष्णता वहनाने उसाच्या रसाला देतो, आणि रस आपल्या अभिसरणाने ती सर्वत्र वाटतो: तळाचा रस वर येतो, वरचा खाली जातो, आणि कोणी ढवळले नाही तरी काईल सारखी उकळते. पण पाणी आटत जाते, पाक दाटतो, आणि गुळव्या एकाएकी सावध होतो. दाट पाकाला चाल नसते. तळाशी तापलेला भाग तेथेच अडून बसतो आणि क्षणात करपतो. ज्या घटकेला अभिसरण थकते, त्या घटकेला माणसाने ते काम हाती घ्यावे लागते, म्हणून लाकडी दांड्याची फावडी काईलीत फिरू लागतात. पाक ११८ अंशांच्या आसपास आला, की जाळ ओढून घेण्याचा हुकूम सुटतो. गुळव्यापाशी तापमापक नसतो. तो पाण्यात पाकाची गोळी करून पाहतो, आणि त्याची कबुली मिळाल्याशिवाय काईल उतरत नाही.

प्रारण तापवते, तसेच ते गारही करते. महाबळेश्वरी डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूस दव गोठल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, आणि गावात पारा शून्याच्या बराच वर असताना बर्फ कसे, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. निरभ्र, निवांत, कोरड्या रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडीत असते, आणि ढगांची गोधडी नसल्यामुळे तिला परतफेड फारच थोडी होते. स्ट्रॉबेरीचे पान, मोटारीचे छत, नौकेच्या धक्क्याची फळी या वस्तू पातळ असतात, त्यांच्यापाशी साठा थोडा, म्हणून त्या सभोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. शिवाय गार आणि जड झालेली हवा उतारावरून खोलगट भागात येऊन साचते. तलावाचे पाणी मात्र गोठत नाही, कारण पृष्ठभागावरचे पाणी गार झाले की ते खाली जाते आणि खालचे ऊबदार पाणी त्याची जागा घेते. एकाच पहाटे, एकाच जागी, फळीवर हिमकण आणि फळीखाली वाहते पाणी, असा हा देखावा आहे.

उष्णतेला वाट देण्याच्या या सर्व तऱ्हांनंतर वाट बंद करण्याची एक तऱ्हा सांगितल्यावाचून राहवत नाही. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणण्याची रीत पूर्वापार आहे. मातीतून उष्णता इतक्या मंद गतीने सरकते, की दिवसाच्या उन्हाचा आणि रात्रीच्या गारव्याचा फरक हात-दीड हात खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो, आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरकही वीस-पंचवीस फुटांवर नाममात्र उरतो. तेथे वर्षभर एकच ऋतू असतो. पेव उघडले, की आत उतरण्यापूर्वी ते काही काळ उघडे ठेवतात आणि जळता कंदील सोडून पाहतात. ज्योत टिकली तर माणसाला श्वास घेता येईल इतकी हवा आत आहे असे समजावे. २००५ सालच्या महापुरात यांतील पुष्कळ पेवे पाणी शिरून निकामी झाली, आणि आता हळद बहुतांशी शीतगृहांत जाते, जेथे मातीने फुकट केलेले काम विजेचे देयक भरून करून घ्यावे लागते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळामास्तरांना माझी एक विनंती आहे. जेथे अजून एखादा लोहार धाव चढवीत असेल, तेथे त्या दिवशी वर्ग घेऊन जावे. सकाळी, धाव थंड असतानाच, मुलांकडून चाकाचा बाहेरचा आणि धावेचा आतला घेर सुताच्या दोरीने मोजून घ्यावा, दोहोंतील फरक पाटीवर लिहून ठेवावा, आणि मग मुलांना विस्तवापासून दहा पावले दूर बसवावे. धाव बसेपर्यंत त्यांना काहीही समजावून सांगू नये.